परकराच्या चिरेला पट्टी लावायलाच हवी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पुरवणीत मागे घरच्या घरी शिवणकाम असा लेख आला होता, चांगला होता, कंबर, सीट (म्हणजे नितंबांचा घेर) आणि उंचीची मापं बरोबर होती, कळ्या कशा काढायच्या तेही नीट सांगितलं होतं. पण चीर, म्हणजे परकर घालता-काढता यावा म्हणून कंबरेपासून खाली सोडलेला उघाड, ठेवायची वेळ आली तिथे लेखिकेने काय लिहिलं तर डाव्या बाजूला सात इंच उघडं ठेवा आणि कडा दुमडून टीप मारा, बस, पुढे लगेच नेफा, म्हणजे नाडी ओवायची दुमड. मी बरीच वर्षं शिवणक्लास घेते आणि मला हे वाचून राहवलं नाही, कारण परकर असो, शाळेचा स्कर्ट असो, लहान मुलीचं परकर-पोलकं असो, कपडा फाटतो तो बहुतेक वेळा तिथेच, चिरेच्या खालच्या टोकाला. आणि तिथे नुसती कड दुमडून भागत नाही, तिथे पट्टी लागते, जिला आम्ही क्लासमध्ये प्लॅकेट म्हणतो.

आधी फाटतं कशामुळे ते सांगते, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. कापडात उभे धागे असतात आणि आडवे धागे असतात. चीर असते उभ्या धाग्याच्या रेषेत, म्हणजे परकर घालताना ती फाकली की ओढ येते आडव्या दिशेला, आणि चिरेच्या अगदी टोकाशी जो पहिला आडवा धागा असतो ना त्या एकट्यावर सगळा ताण येतो. तो तुटला की ताण दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. चिवड्याच्या पाकिटाला कोपऱ्यात बारीक खाच असते आणि तिथून पाकीट सरळ रेषेत फाटत जातं, तसंच हे. परकर सीटवरून वर ओढताना, मांडी घालून बसताना, एसटीची उंच पायरी चढताना, खाली घोळावर पाय पडतो तेव्हा, प्रत्येक वेळी त्या टोकाला हिसका बसतो. आता कड दुमडून टीप मारायची म्हटलं तर वरच्या बाजूला दुमडायला पाव इंच कापड मिळतं पण टोकाला येईपर्यंत दुमडायला काही उरतच नाही, तिथे टीप नुसती दोन धाग्यांवरून जाते. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त जोर पाहिजे तिथेच सगळ्यात कमी कापड. कळ्यांच्या परकरात चीर जोडावरच सोडलेली असते, तिथे आधी जोडाची टीप उसवते आणि मग कापड फाटतं, पण कारण तेच.

रेडिमेड परकर विकत घेताना बायका रंग बघतात, घेर बघतात, कापड पॉपलीन आहे का ते बोटांनी चोळून बघतात, पण चीर उलटी करून आत बघणारी क्वचितच दिसते. बघा एकदा. बऱ्याच परकरांत ओव्हरलॉक मारून एक टीप फिरवलेली असते, टोकाला उलटी टीप म्हणजे बॅक स्टिच पण नसते. मग दोन-चार महिन्यांत सात इंचाची चीर दहा इंचाची होते, आपण सेफ्टी पिन लावतो, ती पिन साडीत अडकते, साडीला भोक पडतं.

आता पट्टी कशी लावायची. हे मी थोडं सविस्तर लिहिते कारण लोकांना वाटतं हे फार कौशल्याचं काम आहे, तसं अजिबात नाहीये, साध्या काळ्या मशीनवर होतं, ओव्हरलॉक पण लागत नाही. चीर सात इंच असेल तर पट्टी पंधरा इंच लांब घ्यायची, म्हणजे चिरेच्या दुप्पट आणि वर एक इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड). रुंदी दोन इंच. पट्टी उभ्या धाग्यात कापायची, आडवी किंवा तिरकी कापली तर ती ताणली जाते आणि मग चीर लोंबते आणि वाकडी दिसते, हे फार वेळा होतं. कापडाच्या काठाची पट्टी मिळाली तर उत्तम, काठ उसवत नाही म्हणून एक बाजू दुमडायची पण गरज नाही. मग चीर दोन्ही हातांनी अशी उघडायची की तिची एक सरळ रेष होईल, वरचं एक तोंड डावीकडे, दुसरं उजवीकडे आणि टोक बरोबर मध्ये. त्याला पट्टी लावायची, पट्टीची सुलट बाजू परकराच्या उलट बाजूला, कडा जुळवून. टीप मारताना पट्टीच्या बाजूने सगळीकडे पाव इंच माया, पण परकराच्या बाजूने माया हळूहळू कमी करत यायची, टोकाशी जेमतेम एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, राहील अशी. टोकावर आलं की सुई कापडात खाली ठेवायची, मशीनचा पाय उचलायचा, मागे जमलेल्या चुण्या बोटाने पलीकडे सारायच्या, पाय खाली, आणि पुढे टीप. या एका जागी लोक घाई करतात आणि चुणी टिपेखाली येते, मग सुलट बाजूने तिथे कायमची सुरकुती दिसते. घाई नको, तिथे चाक हाताने फिरवा, दोन-तीन टाके हाताच्या चाकाने घ्या.

पहिली टीप झाली की माया पट्टीकडे ढकलून इस्त्री करायची, इस्त्री टाळू नका, नखाने दाबून काम भागतं असं काही जण म्हणतात पण पॉपलीनला भागलं तरी टेरीकॉटला भागत नाही. मग पट्टीची दुसरी कड पाव इंच आत दुमडायची, पट्टी सुलट बाजूला आणून पहिल्या टिपेवर एक सूत पुढे बसवायची आणि कडेने दाबटीप मारायची. हिशोब करा, दोन इंचातले पाव-पाव इंच दोन्हीकडे गेले, उरले दीड, त्याची घडी म्हणजे तयार पट्टी पाऊण इंच. ज्यांना बाहेरून टीप दिसायला नको त्यांनी उलटं करायचं, आधी सुलटवर सुलट लावून मग आत वळवून हेमिंग. मी स्वतः परकराला दाबटीपच सांगते, धुण्यात टिकते, आणि परकर काही कोणाला दाखवायचा नसतो.

आता एक टाका असा आहे की जो शिवण्याच्या व्हिडिओंत पण बरेचदा सुटतो. पट्टी लावून झाली की चीर परत मिटवा, उलट बाजूने पट्टीची दोन्ही अंगं एकमेकांवर ठेवा आणि पट्टीच्या खालच्या घडीवर एक तिरकी टीप मारा, फक्त पट्टीवर, परकराचं कापड त्यात नाही घ्यायचं. दोनदा पुढेमागे करा. याने पट्टी बाहेर डोकावत नाही आणि टोकावरची ओढ त्या एका धाग्यावर न येता चार पदरांवर वाटली जाते. नंतर वरची बाजू आत दुमडून नेफ्यात धरायची, खालची बाजू तशीच पुढे सोडायची, म्हणजे चीर झाकली जाते आणि फाकली तरी आतलं दिसत नाही. चीर जोडावर असेल तर टोकाशी जोडाची माया आडवी छेदून घ्या म्हणजे ती सरळ पसरते, बाकी सगळं सारखंच.

कापड किती लागलं? पंधरा इंच बाय दोन इंच. साध्या परकराला ३६ इंच पन्ह्याचं दोन मीटर धरा, त्याचा जेमतेम शंभरातला एक भाग हा, आणि तो सुद्धा कळ्या कापल्यावर जे तिरके तुकडे उरतात त्यातून बहुतेक वेळा निघतो, जोड देऊन का होईना. वेळ म्हणाल तर हात बसलेल्या बाईला दहा-पंधरा मिनिटं.

चीर किती ठेवायची यावर पण त्या लेखात सगळ्यांना सात इंच असं होतं, ते मला पटलं नाही. साधा हिशोब आहे. कंबर ३० आणि सीट ४० असेल तर फरक १० इंचाचा. चीर पूर्ण फाकवली की कंबरेच्या गोलात चिरेच्या लांबीच्या दुप्पट भर पडते, म्हणजे पाच इंच चिरेने १० इंच मिळतात आणि परकर कसाबसा सीटवरून वर येतो. पण तेव्हा टोक पार ताणलेलं असतं. म्हणून फरकाच्या निम्मे अधिक दोन इंच, इथे सात झाले. ज्या बाईची कंबर ३२ आणि सीट ४६ आहे तिला नऊ लागतील, आणि सात-आठ वर्षांच्या मुलीची कंबर आणि सीट यात फार फरकच नसतो, तिला चार-पाच पुष्कळ झाले. लहान मुलींच्या स्कर्टला उगाच सात इंच चीर ठेवली की ती दिवसभर फाकत राहते आणि मग पोर सारखी एका हाताने स्कर्ट धरून चालते.

शाळेच्या स्कर्टबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. परकराची चीर साडीखाली झाकलेली असते, बाई पिन लावून दिवस काढते. पण पाचवी-सहावीतली मुलगी काय करणार? स्कर्टची बाजू उसवली की ती शर्ट बाहेर काढून झाकते, मग शर्ट बाहेर का म्हणून ओरडा खाते, पीटीच्या तासाला पोट दुखतंय सांगून बसून राहते, घरी आल्यावर आई म्हणते तुला कपडे नीट वापरताच येत नाहीत. खो-खो, लंगडी, लांब उडी यातलं काहीही करताना ओढ येणारच, ती मुलीची चूक नाहीये, ती शिवणाऱ्याने सोडलेली जागा आहे. मला याचा खरंच राग येतो.

आपल्याकडे सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलींना गणवेश मोफत मिळतो. २०२४-२५ मध्ये एक राज्य एक गणवेश म्हणून कापड वरून आलं आणि शिलाई बचत गटांकडे दिली गेली, त्याच्यावर तुमच्याच पेपरात भरपूर आलं, उशीर झाला, मापं चुकली वगैरे, मग डिसेंबर २०२४ मध्ये ठरलं की पुढच्या वर्षापासून परत शाळा व्यवस्थापन समितीने बघायचं. चांगलंच आहे. त्यात राजकारण काय झालं त्यात मला पडायचं नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की आता ऑर्डर जर गावातच द्यायची आहे तर समितीने ऑर्डरच्या कागदावर रंग, कापड आणि मापं यांच्याबरोबर अजून एक ओळ लिहावी, स्कर्टच्या उघाडाला आतून पट्टी आणि टोकाला बारटॅक (एकाच जागी दाट पुढेमागे मारलेली टीप) किंवा तीन पदरी उलटी टीप. आणि कपडे ताब्यात घेताना गठ्ठ्यातले चार-पाच स्कर्ट उलटे करून बघावेत. समितीत मुलांच्या आया असतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणी शिवतात, त्यांना हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको. फक्त त्या ओळीचे पैसे पण द्या. दोन गणवेशांना मिळून ६०० रुपये हा जो दर होता त्यात कापड, शिलाई, बटणं सगळं बसवायचं म्हटलं की शिवणारी बाई पहिली काटछाट आतल्याच कामात करणार, बाहेरून दिसणाऱ्या कामात कशी करेल? नगावर पैसे मिळतात तिथे पंधरा मिनिटं म्हणजे तिची मजुरी आहे. म्हणून मी टेलरना दोष देत नाहीये. गल्लीतल्या टेलरकडे परकर टाकताना आपण पट्टी घाला सांगावं आणि वीस-तीस रुपये जास्त द्यावेत, परकर वर्षभर जास्त चालतो, हिशोब आपल्याच फायद्याचा आहे.

काही जण म्हणतील एवढं कशाला, झिप लावा नाहीतर इलॅस्टिक घाला. बालवाडीतल्या मुलांना इलॅस्टिक हवंच, त्यांना हुक काढता येत नाही, त्याबद्दल वाद नाही. पण मोठ्या मुलींना दिवसभर इलॅस्टिकचा वळ उठतो, आणि बॉक्स प्लेटचा स्कर्ट इलॅस्टिकवर चुरगळून जातो. झिप चांगली, दिसायला स्वच्छ. पण झिपचं लॉक खराब झालं की पूर्ण झिप उसवून नवी लावावी लागते, आणि हुक किंवा टिचबटण तुटलं तर मुलगी स्वतः सुईदोऱ्याने पाच मिनिटांत लावते. आणि झिप लावली म्हणून पट्टी सुटत नाही हो! झिपच्या मागे आतून पट्टी नसेल तर शर्ट दातांत अडकतो, त्वचेला दात लागतात, आणि झिपच्या खालच्या टोकाशी परत तोच उघडा बिंदू. झिप यायच्या आधी स्कर्टला बाजूने पट्टी आणि हुक-बटणंच असायची, आज वापरतो तशी झिप गिडियन सुंडबॅक याने १९१३ च्या सुमारास केली आणि कपड्यांत रुळायला तिला १९३० चं दशक उजाडलं, तोवर बायकांचे स्कर्ट बहुतेक पट्टीवरच बंद व्हायचे आणि व्यवस्थित बंद व्हायचे.

स्कर्टला मी दोन पट्ट्यांची पद्धत जास्त चांगली मानते. पुढच्या भागाला एक पट्टी जी पूर्ण आत वळते आणि बाहेरून फक्त टीप दिसते, मागच्या भागाला दुसरी जी एक इंच पुढे येते आणि त्याच्यावर पुढचा भाग बसतो. ब्लाऊज शिवणाऱ्यांना हे माहीतच आहे, तिथे हुकपट्टी आत वळते आणि आयपट्टी (आय म्हणजे हुक अडकवायची कडी) पुढे येते, तेच इथे बाजूला. दोन्ही पट्ट्यांची खालची टोकं एकत्र करून आडवी टीप मारायची की झालं. पुरुषांच्या झब्ब्याच्या गळ्याला जी पट्टी असते तिच्यात खाली इंग्रजी वाय सारखा छेद देतात, तिथे पण नियम हाच की छेद कोपऱ्याच्या एक धागा अलीकडे थांबवायचा, पुढे गेला की भोक, आणि कमी पडला की कोपऱ्यात चुणी. त्या पट्टीच्या खालच्या टोकाला टिपेचा जो चौकोन आणि त्याच्यावर फुली असते ती नुसती शोभेची नसते.

अजून एक गोष्ट आहे जी शिवणाच्या पलीकडची आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला हे पत्र पूर्ण वाटणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी बीएमजे केस रिपोर्ट्स या वैद्यकीय जर्नलमध्ये दोन बायकांबद्दल लिहिलं होतं. एक सत्तर वर्षांच्या आजी, वर्षानुवर्षं परकराची नाडी घट्ट बांधून कंबरेच्या उजव्या बाजूला जखम झाली, दीड वर्ष बरी होईना, तपासली तर त्वचेचा कॅन्सर. दुसरीला लुगडं कंबरेला घट्ट आवळून. असं फार क्वचित होतं, घाबरायचं कारण नाही, पण नाडीने कंबर काळी पडणं, खाज सुटणं, साल निघणं हे तर घरोघरी आहे आणि बायका ते चालायचंच म्हणून सोडून देतात. आता बघा, नाडीची गाठ कुठे येते? बरोबर चिरेच्या तोंडाशी. चिरेला पट्टी नसेल तर गाठ आणि त्वचा यांच्यामध्ये काहीच नसतं, उघडी नाडी आणि गाठ दिवसभर घासते, उन्हाळ्यात घामाने अजूनच. पुढे येणारी पट्टी असेल तर निदान कापडाचे दोन पदर मध्ये असतात. त्याहून चांगलं म्हणजे पट्टी केलीच आहे तर वर नेफ्याऐवजी दीड-दोन इंच रुंद बेल्ट लावा, दोन हुक आणि एकाच्या पुढे एक अशा तीन-चार आय, म्हणजे जेवल्यावर, पाळीच्या दिवसांत, पोट फुगलं की एक घर सैल करता येतं. रुंद बेल्टने दाब पसरतो, एका दोरीएवढ्या रेषेवर येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या वयस्कर बायकांना मी हाच परकर शिवायला सांगते. निऱ्या खोचायला बेल्ट नाडीपेक्षा जास्त घट्ट धरतो असं त्यांचंच म्हणणं आहे, आणि संध्याकाळी गाठ सोडवताना नखं तुटत नाहीत.

शिकवणाऱ्यांनाही विनंती आहे. आयटीआयला सुईंग टेक्नॉलॉजीचा वर्षाचा ट्रेड आहे, पीएम विश्वकर्मा योजना २०२३ मध्ये आली त्यात १८ व्यवसायांत टेलर आहे आणि पाच ते सात दिवसांचं प्राथमिक ट्रेनिंग आहे, गावोगावी खाजगी क्लास आहेत. बऱ्याच ठिकाणी प्लॅकेटचा नमुना कागदी फाईलमध्ये चिकटवायला एकदा करून घेतात, सहा इंचाच्या तुकड्यावर, आणि प्रत्यक्ष परकर शिवताना तो कोणी लावून घेत नाही. फाईल राहू द्या, पण पहिला परकर पट्टी लावल्याशिवाय पास करू नका. मुली नमुन्याच्या तुकड्यावर घाबरत नाहीत, घाबरतात त्या खऱ्या कपड्याला कात्री लावताना, म्हणून खऱ्या कपड्यावरच करून घ्यायला पाहिजे. आणि जुन्या फाटलेल्या परकरावर करून घेतलं तर आणखी उत्तम, फाटकी चीर सरळ कापून घ्यायची, टोकाखाली उलट बाजूने दीड इंचाचा चौकोनी तुकडा लावायचा आणि वरून हीच पट्टी. कपाटातले टाकून द्यायला काढलेले परकर असे परत वापरात येतात.

तर संपादक साहेब, माझी मागणी अशी की त्या लेखात ही दुरुस्ती द्यावी, आणि जमलं तर पुढच्या एखाद्या पुरवणीत पट्टीची आकृती पायरीपायरीने छापावी, उघडलेली चीर, त्यावर ठेवलेली पट्टी, टोकाशी कमी होत गेलेली माया आणि शेवटची तिरकी टीप अशी चार चित्रं पुरेत. मापं मी वर दिलेलीच आहेत. चित्र काढणाऱ्याला एकच सांगा की कापडाची सुलट आणि उलट बाजू वेगवेगळ्या छटेत दाखवा, कारण नवशिक्या मुली चुकतात त्या तिथेच.

आपली,
एक वाचक आणि शिवणशिक्षिका, सांगली